उठता उठता म्हटलेलं 'येते'

"आता बरं हायसा न्हवं?" राणीनं पुढच्या बाकावरून मागं वळून विचारलं, पण उपासना आजारी पडलीच नव्हती. बेळगावातली वडगावची सिटी बस होती, दुपार कलत आली होती, आणि बायकांना तिकीट फुकट झाल्यापासून आपल्याला धड उभं राहायला जागा मिळत नाही अशी कंडक्टरची रोजची कुरकुर चालली होती. राणी म्हणजे वडगावच्या दुर्गाबाईंची सून, सासूला ती आत्ती म्हणायची. मागावरच्या सुताची लव तिच्या केसांना कायम चिकटलेली असायची, तशी आजही होती, आणि मांडीवर साड्यांचं गाठोडं होतं. "मला काय झालं होतं?" उपासनानं विचारलं. "ताप आलता म्हणं की तुम्हाला. आत्ती समद्यांना सांगत्यात." "त्यांना कोण म्हणालं?" "कोण न्हाय. त्याच म्हणत्यात. डोळ्याच्या ऑपरेशनला येतो म्हणलासा आनि आला न्हाईसा, तवा म्हणाल्या, पोरगी तापानं पडली असंल, एरवी ती तशी न्हाय." राणीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर उपासनाला सोपं गेलं असतं, टोमण्याला निदान रागावता येतं. "पण ऑपरेशन झालं ना?" "कुठलं वो! दवाखान्याची गाडी देवळाफुडं आलती. आत्ती पिशवी घिऊन कट्ट्यावर बसल्या. पोरगी आली की निघूया म्हणाल्या. डायव्हर तरी किती थांबंल? गेली गाडी." राणीनं गाठोडं सावरलं. "एक डोळा आदीच गेलाय. ह्यो दुसरा बी लई पिकलाय, आता थांबला तर ह्यो बी जाईल म्हणालाय डॉक्टर. बेस्तरवारी परत गाडी येणार हाय, आनि ह्या म्हणत्यात, पोरगी आल्याबगर मी जायाची न्हाय. तुम्ही एकदा घराकडं येऊन सांगा की, मला जमत न्हाय, सुनंसंगं जावा, म्हणून. माझं ऐकत न्हाईत." शहापूर आलं. राणीला बाजारातून परतताना उरलेल्या साड्या एका दुकानात टाकायच्या होत्या, ती गाठोडं काखेला मारून उतरून गेली आणि खालून हात हलवला. उपासनानंही हलवला.

येतो म्हणलासा. उपासना 'येतो' म्हणाली नव्हती, 'येते' म्हणाली होती. हा फरक तिला पहिल्यांदा आठवला आणि त्याची तिला लाज वाटली. इकडं बेळगाव-निपाणीकडं बायकासुद्धा स्वतःबद्दल बोलताना 'येतो, जातो, करतो' म्हणतात. उपासनाच्या घरातही तेच. पण कॉलेजात तत्त्वज्ञान विषय घेतल्यावर, आणि पुण्याहून व्याख्यानाला आलेल्या एका बाईंनी तिच्या 'मी असं म्हणतो'ला गोड हसून दाखवल्यावर, तिनं 'येते, जाते' सुरू केलं होतं. घरातून निघताना चपला घालाव्यात तशी ती भाषा घालायची आणि परत आली की दारात काढून ठेवायची. दुर्गाबाईंच्या ओट्यावर मात्र ती चपला काढून बसायची आणि भाषा तशीच ठेवायची. आपण इथं कॉलेजकडून आलोय, समाजकार्याला आलोय, हे कुठंतरी कळायला हवं ना. आणि त्या रविवारीही ती तशीच बसली होती. आदल्या आठवड्यात डोळे तपासायला तिनंच दुर्गाबाईंना नेलं होतं. डोळ्यांत थेंब घालताना म्हातारीनं तिचं मनगट असं धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. त्याचं दुर्गाबाईंना काय कौतुक! "तुझा हात धरला की जळत न्हाय गं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्यासमोर तिला म्हणत होत्या. त्या बोलण्यानं उपासनाला पहिल्यांदा फार बरं वाटलं होतं, दुसऱ्यांदा थोडं कमी, आणि त्या रविवारी ती घड्याळ बघत होती. कॉलेजनं ठरवून दिलेले तिचे तास भरले होते. आता ती उठणार, तेवढ्यात दुर्गाबाई म्हणाल्या, "मग ऑपरेशनला येतीस न्हवं?" उपासनाचा एक हात ओट्याच्या कडेला होता, पाय खाली चप्पल शोधत होता. ती उठता उठता म्हणाली, "येते हं, आज्जी."

झालं एवढंच. कुठलीही मराठी बाई कुठल्याही घरातून निघताना हेच म्हणते. कानडीत निघायचं असतं तर 'होगि बर्तीनि' म्हणावं लागलं असतं, जाऊन येते. त्यात निदान जाणं आधी कबूल करावं लागतं. मराठीत तेवढीही अडचण नाही. गेले कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगत आली होती की मी निरोप घेतला, म्हातारीनं होकार ऐकला, यात खोटं कोण बोललं? पण प्रश्न तिनं ऐकला होता. नीट ऐकला होता. 'नाही' म्हणायची लाज वाटली, 'हो' म्हणायचं मन नव्हतं, आणि त्या अर्ध्या क्षणात जिभेवर असा एक शब्द आला की जो दोन्ही होता आणि दोन्ही नव्हता. तिनं तो ओळखला आणि मग वापरला. चप्पल पायात सरकवताना तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही तिला आठवत होतं, आणि आता बसमध्ये बसल्या बसल्या त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच तिला किळस आली.

हा शब्द तिला शिकवला सोनुबाईनं. सोनुबाई म्हणजे वडिलांची आई, निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्म गेला तिचा, लुगड्याला तो उग्र वास धुऊनही जात नसे आणि त्या वासानं लहानग्या उपासनाला तिच्या मांडीवर शिंका यायच्या. एकदा बेळगावला परत निघताना उपासना म्हणाली, "आज्जी, जातो." सोनुबाईनं तिच्या तोंडावर हलकी चापट मारली. "जातो म्हनू न्हाय गं बाय. येतो म्हण." मग तिनं म्हटलं, "येतो." बस सुटल्यावर तिनं वडिलांना विचारलं, "पप्पा, आपण परत कधी यायचं?" "बघूया." "मग येतो का म्हटलं?" वडील, यशपाल, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणायचं असतं तसं." ते वीज खात्यात इंजिनिअर झाले होते, बेळगावात घर झालं होतं, निपाणीला जाणं सणावारी आणि आंबेडकर जयंतीला. सोनुबाई दर वेळी दारात उभी राहून बस दिसेनाशी होईपर्यंत बघायची, म्हणजे तिला ते 'म्हणायचं असतं तसं' पुरत नसणार. वखारीतल्या बायकांना शिकवायला, संघटना काढायला, फोटो काढायला लोक यायचे त्यांच्याबद्दल ती एकदा म्हणाली होती, "येतो म्हणून गेलेली लई बघितली." त्यात राग नव्हता, हवेत गारठा आहे असं सांगावं तसं ती सांगत होती. उपासनानं समाजकार्याला नाव दिलं तेव्हा यशपालनी ऑफिसात पेढे वाटले होते. "आमच्या आईकडं लोक सेवा करायला यायचे. आता आमची पोरगी जाती," असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता आणि आईनं त्यांना, पुरे आता, असं खुणावलं होतं. पहिल्या दिवशी दुर्गाबाईंनी आडनाव विचारलं, तिनं छाती पुढं काढून सांगितलं, आणि आता काय होतंय म्हणून बघत राहिली. झालं काहीच नाही. स्टीलच्या पेल्यात चहा आला, घरातले सगळे पीत होते त्याच पेल्यांतला. तिला थोडं चुकल्यासारखंही वाटलं होतं, कारण तिच्याजवळ उत्तर तयार होतं आणि ते वापरायची वेळ आली नाही. म्हणजे वडिलांच्या घराण्यात ज्यांची वाट बघितली गेली त्या 'येतो' म्हणून गेलेल्यांच्या जागी आता ती जाऊन बसली होती, आणि वागली होती अगदी त्यांच्यासारखीच.

तिचा स्टॉप आला. बस थांबली, दोघीतिघी उतरल्या, उपासना उठली नाही. उठले नाही म्हणजे मी ठरवलं असं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. तिकीट फुकटच आहे, पुढच्या स्टॉपवर उतरून मागं चालत येता येईल. बस निघाली. ही अशी स्वतःला पळवाट ठेवून वागायची सवय आपल्याला कधी लागली, आणि ती तत्त्वज्ञान शिकून लागली की आधीपासून होती, याचा ती विचार करू लागली. नीतिशास्त्र तिला फार आवडायचं. नागेंद्र सर वर्गात फळ्याला पाठ टेकून प्रश्न टाकायचे आणि उत्तराची घाई करायचे नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, "वाक्य खरं असून माणूस खोटा असू शकतो का?" उपासना उठली आणि बोलली. समजा, ती म्हणाली, एखाद्या भाषेत निरोपाचा आणि होकाराचा शब्द एकच आहे. समजा, एका व्यक्तीनं दुसरीला काही विचारलं आणि ती व्यक्ती निघताना तो शब्द उच्चारते. ऐकणारी त्यावर विसंबते. इथं जबाबदारी शब्दाची, ऐकणाऱ्याची, की उच्चारणाऱ्या व्यक्तीच्या हेतूची? बोलताना तिचा आवाज छान लागला होता. 'व्यक्ती' म्हटलं की किती सोयीचं होतं. व्यक्तीला मोतीबिंदू नसतो, व्यक्ती पिशवी घेऊन कट्ट्यावर बसत नाही. सर खूश झाले. "वा! उदाहरण कुठून सुचलं?" "असंच सुचलं, सर." हे मात्र सरळसोट खोटं होतं, त्याला दुसरा अर्थही नव्हता, आणि ते तिच्या तोंडून सहज गेलं. लहानपणी निपाणीच्या विहारात पांढरी साडी नेसून ती पंचशील म्हणायची, त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. मोठ्यानं म्हणायची, सगळ्या पोरींत तिचाच आवाज वर. सरांनी तिला त्या उदाहरणावर निबंध लिहायला लावला, तो धारवाडच्या चर्चासत्राला पाठवला, तिथून बोलावणं आलं. एवढ्या लहान वयात तिथं वाचायला मिळणं म्हणजे पुढं एम.ए.ला आणि त्याच्याही पुढं केवढा आधार, असं सर म्हणाले होते. चर्चासत्र गुरुवारी होतं. राणीनं बेस्तरवार म्हटल्यापासून उपासनाला ते ठाऊक होतं. तिनं ते एवढा वेळ मनात येऊ दिलं नव्हतं इतकंच.

काही कारण असतं तर बरं झालं असतं. ऑपरेशनच्या दिवशी ती घरीच होती. सकाळी उठली, डोक्यावरून न्हाली, गच्चीत केस वाळवत उभी राहिली. आईनं उप्पीट केलं होतं, त्यात शेंगदाणे जास्त पडले म्हणून दोघी हसल्या. गाडी यायची वेळ तिला माहीत होती. त्या वेळेला तिनं पुस्तक उघडलं, आणि म्हातारी सुनेबरोबर गेली असेल, असं मनाशी म्हटलं. मग, गेलीच असेल. मग, न जायला काय झालं, दवाखान्याची गाडी दारात येते आहे. पुस्तकातलं पान तेच राहिलं. त्याच वेळी पलीकडं वडगावात एक म्हातारी कट्ट्यावर बसून शेजारणीला सांगत होती की पोरगी येणार, येते म्हणलीया. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला असणार. लोक हसले असतील. आणि दुर्गाबाईंनी त्या हसण्यापुढं तिला झाकायला ताप शोधून काढला. हे सगळ्यात जास्त टोचत होतं. तिच्या वाट्याचं खोटं म्हातारीनं बोलून टाकलं होतं.

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले म्हणून तीही उतरली. वडगावच्या त्या बोळात शिरलं की घराघरांतून मागांची खडखड एवढी येते की माणसं एकमेकांशी बोलतात ती भांडल्यासारखीच. उपासना चालताना वाक्य तयार करत होती. मला गुरुवारी जमत नाही, तुम्ही राणीवहिनींबरोबर जा. स्पष्ट, खरं, एका अर्थाचं वाक्य. राणीनं हेच मागितलं होतं, नागेंद्र सरांनाही यात दोष काढता आला नसता. दुर्गाबाई ओट्यावर बसल्या होत्या. कांड्या भरायचं, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायचं, काम नजर अधू झाल्यानं सुटल्यापासून हाताला चाळा म्हणून त्या सुताचा एक तुकडा बोटाला गुंडाळायच्या आणि उलगडायच्या. आतल्या खोलीत मुलगा, केदारी, माग चालवत होता. उपासना जवळ गेली तशी त्यांनी मान उचलली. चेहरा तिच्याकडं होता, नजर जराशी बाजूला. "कोण? पोरगी व्हय?"

"व्हय आज्जी, मी."

"बस, बस. ताप गेला काय?"

चप्पल काढून ती ओट्यावर बसली. 'हो' म्हणायचं, एवढंच. म्हातारीनंच हात धरून तिला त्या शब्दापर्यंत आणलं होतं. "मला ताप नव्हता, आज्जी," ती म्हणाली.

"आँ?" माग खडखडत होता. तिला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. समोरच्या दारातली बाई तांदूळ निवडता निवडता थांबली.

"मग घरात कोण आजारी हुतं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"कोण नव्हतं."

"परीक्षा आसंल."

"परीक्षा नव्हती." म्हातारी एकेक दार उघडून देत होती आणि ते लावून घ्यायचं काम हिचं. "मला यायचं नव्हतं, आज्जी!" हे तिला ओरडून सांगावं लागलं. मनात कितीदा घोळवलेलं वाक्य, हलक्या आवाजात, खाली मान घालून म्हणायचं, असं तिला वाटलं होतं. ते अख्ख्या बोळानं ऐकलं. तिचे कान तापले.

दुर्गाबाईंच्या बोटावरचं सूत उलगडायचं थांबलं. त्या म्हणाल्या, "मग न्हाय म्हणायचं हुतंस. मी काय खाल्लं असतं तुला?"

"निघताना म्हणतात ना, येते, तसं म्हणाले मी. तुम्हाला ते..."

"ते मला कळत न्हाय व्हय? जलमभर मराठीच बोलतो मी." आवाज चढला होता. "तू म्हणलीस तवा मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तोंड दिसलं न्हाय. दिसलं असतं तर कळलं असतं मला, कुठलं येते हाय त्ये."

तिच्या निबंधात शब्द होता, हेतू होता, ऐकणारी व्यक्ती होती. न दिसणारं तोंड कुठंच नव्हतं. डोळस माणसासमोर ती असं म्हणाली असती का, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं. नसती म्हणाली. पकडली गेली असती. "चुकलं माझं," ती म्हणाली. दुर्गाबाईंनी नुसतं "हां" म्हटलं आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं. चहाचं नाव निघालं नाही. या ओट्यावर ती आल्यापासून चहाचं नाव न निघाल्याची ही पहिलीच वेळ होती. रडू येईल असं तिला वाटलं, पण रडलं की म्हातारीला समजूत काढावी लागेल, म्हणून तिनं ते गिळलं.

आत माग चालू होता. दुर्गाबाई रस्त्याकडं तोंड करूनच म्हणाल्या, "बेस्तरवारी गाडी येणार हाय." त्यांनी विचारलं काहीच नाही. "राणी म्हणती, मी येतो की. तिला काय, मागाचा खाडा हुतो. आनि हात धरला तर म्हणती, आत्ती, सोडा, दुखतंय." मग म्हणाल्या, "आता न्हाय गेलं तर काय हुतंय. बघायचं ते लई बघितलं." सुताचा तुकडा त्यांनी पुन्हा बोटाला गुंडाळायला घेतला, तर तो बोटावर काही केल्या बसेना. म्हातारी भ्याली होती. पहिल्यापासून भ्यालेलीच होती, आणि 'तुझा हात धरला की जळत न्हाय' हे कौतुक नव्हतंच मुळी, हे उपासनाच्या आत्ता ध्यानात आलं.

तयार केलेलं वाक्य तिच्या तोंडात होतं. ते बोलायला ती उठायच्या बेताला आली होती, पायांनी खाली चप्पल शोधलीसुद्धा होती. तोच हात ओट्याच्या त्याच कडेला होता. धारवाडचं सभागृह तिच्या डोळ्यांपुढून गेलं, पहिल्या रांगेतले सर, पुढं कौतुकानं वळलेल्या माना. तिनं पाय चपलेतून काढून घेतला, वर ओढला आणि मांडी घालून भिंतीला टेकून बसली. आईच्या पुढ्यात जेवायला बसते तशी.

"येतो, आज्जी," तिनं मागाच्या वर आवाज काढून म्हटलं.

दुर्गाबाई वळल्या. त्यांचा हात पुढं आला, ओट्यावरून चाचपडत सरकला, आणि तिच्या गुडघ्याला लागला. ती बसलेलीच होती.